सुकल्यावर दिसणारी रेघ

सोमवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ५.५०.

बाथरूमच्या बंद दाराबाहेर मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करून उभा आहे. डायरी भिंतीला टेकवून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वाईट आलं आहे. शुद्धलेखन मात्र नेहमीसारखंच. आत बायको आहे, तिच्या हातात प्रेग्नन्सी टेस्टची स्ट्रिप आहे. पाळीची तारीख नऊ. तिचं म्हणणं, अजून तीन दिवस आहेत, इतकी कसली घाई. मी काल तिला समजावून सांगितलं की ह्यूमन कोरिऑनिक गोनाडोट्रॉपिन हे हार्मोन गर्भ रुजला की लगेच तयार व्हायला लागतं, आधी रक्तात येतं, मग लघवीत उतरतं, आणि हल्लीच्या स्ट्रिपा फार संवेदनशील असतात. ती म्हणाली, असतील बापड्या, मला झोपू द्या. तरी उठली. लग्नाला तीन वर्षं झाली; शास्त्रीय बाबतीत ती माझं ऐकते.

५.५७. एकच रेघ. बायकोने स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुन्हा झोपली.

त्याच दिवशी. सायंकाळी ७.१५.

दिवसभर चैन नव्हतं. काहीतरी चुकलं आहे असं वाटत होतं, आणि चारच्या चहाला ते लक्षात आलं.

मी कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. शेड जुळवणं हे माझं काम. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मास्टरांनी शिकवलेला नियम असा: ओल्या तुकड्यावर निकाल द्यायचा नाही. ओलं कापड फसवतं. आधी सुकवा, गार होऊ द्या, मग दिव्याखाली धरा. नऊ वर्षांत मी एकदाही ओल्यावर निकाल दिलेला नाही. आणि आज सकाळी आम्ही दोघं, स्ट्रिप ओलीच असताना, पाच मिनिटांत एका जिवाचा निकाल लावून मोकळे झालो.

घरी आल्या आल्या डबा उपसला. कचरा टाकणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे संशय यायचं कारण नाही. कांद्याच्या सालींखाली स्ट्रिप सापडली. पूर्ण सुकली होती. खिडकीशी नेली, तिरकी धरली.

दुसरी रेघ आहे. फिकी आहे, पण आहे.

ठरवलं: कुणालाही सांगायचं नाही. बायकोलाही नाही. रेघ गडद झाली की पुराव्यासह सांगेन. उतावीळपणा माझ्या स्वभावात नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर.

लिटमसला सांगितलं. लिटमस म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. काहीही ऐकलं की चेहऱ्याचा रंग बदलतो म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. त्याला दोन मुलं आहेत, तेव्हा हे सांगणं नव्हतं, तज्ज्ञाचा सल्ला घेणं होतं. तो आधी गुलाबी झाला, मग त्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांपर्यंत अजून गेलो नाही, सध्या स्ट्रिप सुकवतो आहे. त्यावर त्याचा जो रंग झाला तो आमच्या शेडकार्डात नाही.

स्ट्रिपच्या पाकिटातला कागद वाचला. त्यात म्हटलं आहे की दहा मिनिटांनंतर दिसणारी रेघ ग्राह्य धरू नये. त्याच कागदावर 'परीक्षण' हा शब्द दोन ठिकाणी ऱ्हस्व छापला आहे. ज्यांना इतकं साधं लिहिता येत नाही त्यांनी वेळेचे नियम घालावेत हे विशेष आहे. शिवाय हा सल्ला सर्वसामान्य माणसासाठी आहे. त्याच्या डोळ्याला सवय नसते.

बुधवार, ८ नोव्हेंबर.

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी असताना स्ट्रिप लाइट बॉक्समध्ये धरली. ही एक पेटी असते, आतून करडी, वेगवेगळ्या प्रकारचे दिवे लावून शेड बघण्यासाठी. दिवसाच्या उजेडाच्या दिव्यात रेघ दिसते. दुकानाच्या दिव्यात दिसते. घरच्या पिवळ्या दिव्यात डोळे थोडे बारीक करावे लागतात. रंग गुलाबीपेक्षा करड्याकडे झुकतो, पण गुलाबी फार फिका झाला की तो करडाच दिसणार. यात नवल काही नाही.

स्ट्रिप कोऱ्या शेडकार्डावर स्टेपल केली. खाली तारीख, वेळ. कामाची शिस्त घरच्या गोष्टीलाही लावावी.

गुरुवार, ९ नोव्हेंबर.

आज तारीख होती. पाळी नाही. मी दिवसभर चेहरा निर्विकार ठेवला.

सायंकाळी बायको एक कागद घेऊन आली. ती कपडे शिवणाऱ्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला प्रत्येक नग बघायचा आणि खोट दिसली की बाजूला टाकायचा. पाच वर्षं तेच करते आहे. तिच्या मजल्यावरून तिच्यासह दोघींची निवड झाली आहे, लाइन सुपरवायझरच्या ट्रेनिंगसाठी. सहा आठवडे, दुसऱ्या शहरात, कंपनीच्या मोठ्या प्लांटवर, राहणं-खाणं कंपनीचं. सत्तावीसला सुरू. वीस तारखेच्या आत होकार द्यायचा.

बायको उभ्यानेच जेवली. बोलत होती ती थांबेचना. सुपरवायझरला स्वतःचं टेबल असतं. पगार वाढतो. आणि म्हणाली, सहा आठवडे तिथे कुणी ओळखीचं नाही, म्हणजे 'काही विशेष?' असं विचारणारंही कुणी नाही.

मी म्हटलं, घाई नको, वीसपर्यंत वेळ आहे. ती म्हणाली, होय म्हणायला वेळ कशाला लागतो. मी हसलो. माझं हसणं अर्थपूर्ण होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर.

वाचन केलं. हे हार्मोन साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. हे मला चटकन समजलं. आमच्याकडे एक टक्का रंगाची शेड दोन टक्क्यांची केली की किती गडद होते ते मी झोपेतही सांगू शकतो. बारावी सायन्स मी अर्ध्यात सोडली, पण डोकं त्याच बाजूला चालतं.

त्या हिशोबाने आजची रेघ सोमवारच्या चौपट हवी. बायकोला पुन्हा टेस्ट करायला लावली. ती वैतागली. म्हणाली, टेन्शन असलं की माझी पुढे जाते, याआधी दोनदा गेली आहे, तेव्हाही तुम्ही असेच मागे लागला होता. मी म्हटलं, तेव्हा माझा अभ्यास नव्हता.

ओली असताना एक रेघ. तिने पुन्हा डब्यात टाकली. दुपारपर्यंत सुकली. दुसरी रेघ आली आहे, पण सोमवारच्या चौपट नाही. खरं सांगायचं तर सोमवारपेक्षा किंचित फिकी आहे.

पाकीट तपासलं. लॉट नंबर वेगळा आहे. लॉट बदलला की शेड बदलते, हे तर रोजचंच आहे. उलट लॉट बदलूनही रेघ आली, याला जास्त किंमत आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर.

कुठलंही काम शास्त्रशुद्ध करायचं तर सोबत एक कोरा नमुना ठेवावा लागतो. म्हणजे ज्यात रंग नाही याची खात्री आहे असा. बायको भाजी आणायला गेली असताना एक स्ट्रिप मी स्वतःवर वापरली.

सायंकाळी सुकली. दुसरी रेघ दिसते आहे.

अस्वस्थ झालो. मग वाचलं. बायकोला दिवस गेले की काही नवऱ्यांच्या शरीरातही हार्मोनचे बदल होतात, पोटात मळमळतं, वजन वाढतं. मला मंगळवारपासून ॲसिडिटी आहे. म्हणजे माझ्या स्ट्रिपवरची रेघ ही तिच्याच रेघेला दुजोरा आहे. मन हलकं झालं.

खात्रीसाठी एक स्ट्रिप नळाच्या पाण्यात बुडवली. त्यावरही आली. पण आमच्याकडचे पाइप जुने आहेत, पाण्याचा भरवसा नाही. हा नमुना बाद.

दोन्ही स्ट्रिपा फेकल्या. कार्डावर फक्त बायकोच्या ठेवल्या.

मंगळवार, १४ नोव्हेंबर.

कार्ड सापडत नाही. खणात ठेवलं होतं. लिटमसला विचारलं, तो म्हणाला, खणातली सगळी कार्डं सकाळी बायरकडे मंजुरीला गेली, तूच काल सांगितलंस की खणातली पाठव.

मी सांगितलं होतं हे खरं आहे. पण सूचना पाळताना माणसाने थोडी बुद्धी वापरायला हवी.

बुधवार, १५ नोव्हेंबर.

बायरकडून, म्हणजे आमचं कापड घेणाऱ्या कंपनीकडून, कार्ड परत आलं. बायरच्या माणसाने नेहमीच्या लाल पेनाने शेरा मारला आहे: 'वरची पट्टी: डावी रेघ ठीक, उजवी दिसत नाही. खालची पट्टी: तसंच. शेड गडद करून पुन्हा पाठवा.'

बायरच्या डोळ्यांविषयी माझं मत कधीच चांगलं नव्हतं.

मास्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कार्ड त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले, हे कुठलं मटेरियल आहे, मी पस्तीस वर्षांत असं विणकाम बघितलं नाही. मी सांगितलं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत आले, काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा धुवायला गेले. मग खुर्चीत बसले.

शेवटी विचारलं, 'काय रे शास्त्रज्ञ, घरी माहीत आहे का?'

मी म्हटलं, अजून नाही, रेघ गडद व्हायची वाट बघतो आहे.

ते म्हणाले, अख्ख्या कारखान्याला माहीत आहे, बायरला माहीत आहे, आणि जिला माहीत असायला हवं तिलाच नाही. आज घरी जाऊन सांग, आणि डॉक्टरकडे ने. आणि माझ्या लॅबमध्ये यापुढे फक्त कापड आणायचं.

लिटमसने दुपारी सगळ्यांसाठी केक मागवला. सगळ्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बॉयलरवाल्याने मिठीच मारली. नाकारणं उद्धटपणाचं झालं असतं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर.

काल सांगणं जमलं नाही. आज जमलं.

जेवण झाल्यावर तिच्यासमोर कार्ड ठेवलं. तिने आधी विचारलं, या डब्यातल्या पट्ट्या तुम्ही उचलून ठेवल्या? मी म्हटलं, ते नंतर, आधी उजवीकडे बघ. तिने बघितलं. म्हणाली, मला काही दिसत नाही. मी सुकण्याचा नियम समजावून सांगितला, नऊ वर्षांचा अनुभव सांगितला, मास्टरांचं नाव घेतलं. टेबलावरचा दिवा जवळ ओढला, कार्ड तिरकं धरलं.

ती चेकर आहे. कॉलरच्या टाक्यात एक धागा सुटला तरी तिला लांबून दिसतो. ती कार्डावर वाकून बसून राहिली. दिव्याचा उजेड तिच्या गालावर पडला होता.

मग ती हळूच म्हणाली, 'हो. आता दिसतंय थोडं.'

मी म्हटलं, सवय लागते.

'नक्की ना?' तिने विचारलं. 'बघा हं. उगाच नका सांगू.'

मी म्हटलं, 'अगं, माझा धंदाच हा आहे.'

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईना. मी डोकावलो तर ओट्याला टेकून उभी होती, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात. तीन वर्षांत मी तिला या विषयावर एकदाही हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला डब्यात स्ट्रिप टाकून ती कामाला लागायची. मला वाटायचं, तिला एवढं काही वाटत नाही.

मग तिने तिच्या आईला फोन लावला. दार लोटून बोलत होती. मध्येच हसली. असं हसू मी लग्नाच्या आधी ऐकलं होतं, म्हणून ओळखलं.

आजचा दिवस यशस्वी.

शनिवार, १८ नोव्हेंबर.

बायकोने ट्रेनिंगला नाही म्हणून सांगितलं. काल संध्याकाळी, कामाची पाळी सुटताना, त्यांच्या मजल्याच्या मॅडमना. मला आज कळलं. मी तसं सांगायला लावलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. फक्त बसचा प्रवास, हॉस्टेलचं जेवण आणि मशीनचा आवाज यांबद्दल जे वाचलं ते वाचून दाखवलं होतं.

मी विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, वाटलं, पण चालेल. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, टेबल काय, पुढच्या वर्षीही मिळेल. ते तिने अगदी सहज म्हटलं.

सासूबाई मंगळवारी येणार आहेत. महिनाभर राहणार.

रविवार, १९ नोव्हेंबर.

कपाट सरकवून पाळण्याला जागा केली. कपाटामागे भिंतीला ओल आहे. सासूबाईंची खाट तिथेच लावावी लागेल. पाठीत उसण भरली.

बायकोला चहाच्या वासाने कसंतरी झालं. मला बरं वाटलं. मलाही कसंतरी झालं.

सोमवार, २० नोव्हेंबर. सकाळी ९.१०.

रक्त दिलं. सासूबाईंचा आग्रह होता, आल्यावर रिपोर्ट हातात हवा. मलाही हरकत नव्हती. माझा निकाल मशीनवर सिद्ध होणार होता. पॅथॉलॉजी लॅबमधल्या बाईंना मी विचारलं की नमुना सुकवून बघतात की ओलाच. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही बाहेर बसा.

बाहेर बसलो. भिंतीवरच्या फलकावर 'मधुमेह' बरोबर लिहिलं होतं. चांगली लॅब आहे.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. दुपारी १.३०.

रिपोर्ट मोबाइलवर आला. मी कामावर होतो. हार्मोनची पातळी १.२. पाचच्या खाली म्हणजे गर्भ नाही, असं बाजूला छापलं आहे.

पण १.२ म्हणजे शून्य नाही. हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. शून्य असतं तर गोष्ट वेगळी. १.२ दर दोन दिवसांनी दुप्पट झालं तर आठवड्यात दहाच्या पुढे जातं, आणि तीन आठवड्यांत हजाराच्या. मी हा हिशोब कागदावर करून लिटमसला दाखवला. तो पांढरा पडला. म्हणाला, माझं काढलं तरी तेवढंच येईल रे.

त्याच दिवशी. सायंकाळी.

बायको माझ्या आधी घरी आली होती. रिपोर्ट तिलाही गेला होता. मी १.२चा हिशोब सांगायला सुरुवात केली. तिने थांबवलं आणि शांतपणे विचारलं, या पट्ट्या आणखी कुणावर वापरून बघितल्या होत्या का.

मी खोटं बोलत नाही. सांगितलं: एक माझ्यावर, एक नळाच्या पाण्यावर.

'आणि?'

'आली होती.'

'दोन्हीवर?'

'पाइप जुने आहेत,' मी म्हटलं.

ती हसेल असं मला क्षणभर वाटलं. हसली नाही. म्हणाली, 'मी तीन वर्षांत आईला कधी कळू दिलं नव्हतं की मी वाट बघते. एकदाही नाही. तुमचं ऐकून फोन केला.'

मी म्हटलं की हेतू चांगला होता. ती म्हणाली, हेतूचं काय करू, कपाटामागे लावू?

सासूबाई निघाल्या असतील म्हणून तिने फोन केला. त्या त्यांच्या गावच्या स्टँडवर पोहोचल्या होत्या. बोलणं दोन मिनिटांत संपलं. मी दाराशी होतो. ती म्हणाली, 'नाही गं आई. परत जा तू घरी. चुकलं आमचं.'

'आमचं' म्हणाली. 'त्यांचं' नाही. हे मी लिहून ठेवतो.

बुधवार, २२ नोव्हेंबर.

सकाळी बायकोला पाळी आली. बाथरूममधून बाहेर आली आणि जेवणाचा डबा भरून कामाला गेली.

चूक झाली असेल तर ती निस्तरायचीही माझीच जबाबदारी, असं ठरवून अर्धी रजा टाकली. बायकोच्या मॅडमसाठी अर्ज लिहिला. सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. परिच्छेद चार, शुद्धलेखन दोनदा तपासलेलं. ट्रेनिंगची जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल तर ती परत कशी मिळवायची याचे तीन मार्ग सुचवले होते.

मॅडमनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. म्हणाल्या, तिचं नाव मी काढलंच नव्हतं. शुक्रवारी ती नाही म्हणायला आली तेव्हा कारण विचारलं होतं, तिने सांगितलं. मीच तिला म्हटलं, बाई गं, रिपोर्ट येईपर्यंत थांबू, मग बघू. आज सकाळी आल्या आल्या तिने सही केली.

मी म्हटलं, म्हणजे काम झालेलंच आहे. त्या म्हणाल्या, हो, तुमच्याशिवाय. आणि अर्ज परत दिला.

बायको तेव्हा काचेपलीकडे टेबलाशी उभी होती. एकेक शर्ट उलटा करून बघत होती. तिने मला पाहिलं. हातातला शर्ट बाजूला टाकला आणि पुढचा घेतला.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर.

लॅबमध्ये आज कुणी काही विचारलं नाही. म्हणजे लिटमसने सगळ्यांना सांगितलं आहे. बॉयलरवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पाठ दुखते आहे हे त्याला सांगवलं नाही.

मास्टर फक्त म्हणाले, कापडाचा नियम कापडाला. मी म्हटलं, हो.

घरी बायको नीट बोलते. मीठ द्या, दार लावा, पाणी गेलं. त्यापलीकडे नाही. मी मनात ठरवलं आहे की या सहा आठवड्यांत तिला एकदाही हार्मोनबद्दल काही सांगायचं नाही. हे सांगण्यासाठी तिला थांबवलं, तर ती म्हणाली, आत्ता सांगताय ते काय आहे मग.

रविवार, २६ नोव्हेंबर.

बायकोला बसपर्यंत पोहोचवलं. बॅग मी घेणार होतो, पण उसण अजून गेली नाही, म्हणून तिनेच घेतली. मी पाण्याची बाटली घेतली.

बसमध्ये चढताना मी म्हटलं, 'अगं, ऐक.' ती थांबली. मागे चार माणसं रांगेत होती. मला जे म्हणायचं होतं ते नीट मांडायला वेळ हवा होता. मी म्हटलं, खिडकीशी बस.

'चुकलो म्हणता येतं का बघा,' ती म्हणाली. 'लहान शब्द आहे.'

मी तोंड उघडलं तेवढ्यात मागचा माणूस म्हणाला, दादा, चढायचंय की नाही. बायको आत गेली. खिडकीची जागा मिळाली, पण पलीकडच्या बाजूची. बाटली माझ्या हातातच राहिली.

सोमवार, २७ नोव्हेंबर. सायंकाळी ७.४०.

फोन आला. पोहोचली आहे. खोलीत आणखी दोघी आहेत, बऱ्या आहेत. पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापलं टेबल दाखवलं. तिचं खिडकीशी आहे. आवाज मोकळा होता. मी म्हटलं, चुकलो. काल रात्रीपासून तयारी केली होती, त्यामुळे न अडखळता म्हणता आलं. ती म्हणाली, जेवलात का.

मी विचारलं, रविवारी भेटायला येऊ का. ती म्हणाली, बघू, कळवते.

यात नकार नाही. तिला नकार द्यायचा असतो तेव्हा ती एका क्षणात देते, दिवसभर तेच काम करते. आज दिला नाही. आणि 'कळवते' म्हणाली, म्हणजे कळवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनात आहे. लगेच स्टँडवर जाऊन रविवारचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून आलो. तिला आवडतो तो बिस्किटांचा पुडाही घेतला. पहिल्या बसने निघालो तर नऊपर्यंत तिथे. दुपारी दोघं कुठेतरी जेवू.

९.०५. तिचा मेसेज आला: 'रविवारी येऊ नका. मला थोडे दिवस एकटीला राहायचं आहे. जेवण वेळेवर करा.'

तीनदा वाचला. लिहिलंय शुद्ध. तिन्ही वाक्यांना पूर्णविराम आहे. दुसरा काही अर्थ निघतो का ते बघितलं. निघत नाही.

बिस्किटांचा पुडा फोडला. तिकीट परत घेत नाहीत, तसं तिकीटखिडकीवरच लिहिलं होतं.